डुक्कर नको शोधू, तूर पाहा: वॉर गेममध्ये शत्रू हेरायचा कसा आणि स्वतः लपायचं कसं

पौषातली रात्र होती, तूर शेंगांनी लदलेली होती आणि मी पहिल्यांदाच मोठेबाबांसोबत जागलीला, म्हणजे रात्रीच्या राखणीला, गेलो होतो. मचाणावर बसून बॅटरीचा झोत सारखा इकडून तिकडे फिरवत होतो. तासभर काहीच दिसलं नाही. शेवटी मोठेबाबांनी माझ्या हातातली बॅटरी काढून घेतली, विझवली आणि हळूच म्हणाले, "बाप्पू, डुक्कर नोको पाहू. तूर पाय. हवा नाई अन् तूर हालून राह्यली, तं थ्या जाग्यावर डुक्कर हाय."

मग पाचेक मिनिटं मी नुसतं वावर पाहत बसलो. चांदणं होतं. नाल्याकडच्या धुऱ्यापासून (बांधापासून) आत, चाळीसेक पावलांवर, तुरीचे शेंडे एका रेषेत थरथरले, थांबले, पुन्हा थरथरले. थोड्या वेळानं बाजूला दुसरी रेष उमटली. डुक्कर मला शेवटपर्यंत दिसलं नाही, पण किती आहेत, कुठून आलेत आणि कुठं निघालेत हे सगळं कळलं.

पुढं बऱ्याच वर्षांनी मी आर्मा 3 हा पीसीवरचा वॉर गेम खेळायला लागलो. पहिला महिना एकच तक्रार होती: गोळी कुठून आली तेच कळत नाही. एका रात्री असाच मेल्यावर मोठेबाबांचं ते वाक्य आठवलं आणि तिथून माझा खेळ बदलला. आमच्या यवतमाळकडची पोट्टी आता मोबाइलवरचा बीजीएमआय सोडून आर्मा, स्क्वॉड, हेल लेट लूज अशा गेमकडे येऊन राहिली आहेत आणि सगळ्यांचा प्रश्न तोच असतो. त्यांच्यासाठी हे लिहितोय. बंदूक कोणती घ्यावी, नेम कसा धरावा, हे यात नाही. बघायचं कसं आणि दिसायचं नाही कसं, एवढंच आहे.

आधी हा फरक डोक्यात घ्या

बीजीएमआयमध्ये छोट्या नकाशावर पावलांच्या आणि गोळ्यांच्या खुणा उमटतात. गेम तुम्हाला बोट धरून सांगतो की त्या बाजूला कोणीतरी आहे. स्क्वॉड किंवा हेल लेट लूजमध्ये दोन्ही बाजूंनी 50-50 खेळाडू असतात आणि शत्रूच्या डोक्यावर लाल नाव येत नाही. आर्मा 3 चं आल्टिस बेट तर 270 चौरस किलोमीटरचं आहे. आमच्यासारख्या पंधरा-वीस गावांची शिवारं त्यात सहज मावतील. एवढ्या जागेत शत्रू दिसतो तरी केवढा?

हिशेब करून पाहा. साध्या 1920 बाय 1080 च्या स्क्रीनवर, फील्ड ऑफ व्ह्यू (एका वेळी स्क्रीनवर दिसणारा कोन) आडवा 90 अंश ठेवला, तर 300 मीटरवर उभा माणूस जेमतेम 6 पिक्सेल उंच दिसतो. रुंदी दीड पिक्सेल. तोच तुमच्याकडे तोंड करून पालथा पडला असेल, तर उंची उरते एक पिक्सेल. म्हणजे सिनेमातल्यासारखा सैनिक तुम्हाला दिसणारच नाही. दिसेल तो एक ठिपका, आणि तोही हलला तर. त्यामुळे "माणूस" शोधत बसलात, तर डोळ्यासमोरचा शत्रूही निसटतो.

पहिली पायरी: स्क्रीन आणि कान

फील्ड ऑफ व्ह्यू 90 वरून 70 वर आणला, की तोच 6 पिक्सेलचा माणूस 8 पिक्सेलचा होतो. बाजूचं कमी दिसतं, पण लांबचं मोठं दिसतं. गावातल्या गल्लीबोळातल्या लढाईला 90 ठीक आहे, मोकळ्या शिवारात मी 75 च्या आसपास ठेवतो. आर्मामध्ये माउसचं उजवं बटण दाबून धरलं, की स्कोप नसतानाही नजर जवळ जाते. नवीन माणसाला हे कोणी सांगत नाही, आणि तो महिनाभर उघड्या डोळ्यांनी ठिपके चाळत बसतो.

सेटिंगमधले मोशन ब्लर, फिल्म ग्रेन, डेप्थ ऑफ फील्ड, ब्लूम हे चित्र सजवणारे चारही इफेक्ट बंद करा. दिसायला छान असतात, पण तुमचा दीड पिक्सेलचा शत्रू तेच पुसून टाकतात. पीसी हलका असेल तर सावल्यांची आणि टेक्स्चरची क्वालिटी कमी करा, पण रेंडर स्केल (गेम किती बारकाईनं चित्र काढतो ते) 100 च्या खाली आणू नका. रेंडर स्केल खाली आला, की लांबचा माणूस आणि लांबचं झुडूप एकच चिखल होतं. सावल्या मात्र पूर्ण बंद करू नका. का ते पुढं येईलच.

कानाचं सांगायचं तर आपल्याकडे खरा शत्रू कूलर आहे. मे महिन्यात पारा 45 पर्यंत जातो, कूलरशिवाय बसणं शक्य नाही, आणि त्या घरघरीत पावलांचा आवाज पार बुडून जातो. कान पूर्ण झाकणारा हेडफोन घ्या, साधा असला तरी चालेल. कूलरची हवा पाठीवर येईल असं बसा, तोंडावर नको. बेस वाढवू नका. बेसमध्ये स्फोट भारी वाटतात आणि पावलं हरवतात. उन्हाळ्यात मी पहाटे 4 ला उठून खेळतो. तेव्हा कूलर बंद ठेवता येतो आणि नेटही बरं असतं.

दुसरी पायरी: बघायचं कसं

डोळा एका जागेवरून दुसऱ्या जागेवर उडी मारत जातो आणि त्या उडीच्या मधलं त्याला दिसत नाही. त्यात तुम्ही माउस फिरवत राहिलात, तर सगळं चित्रच हलतं. सगळं हलत असताना एक झुडूप वेगळं हललं, हे कसं कळणार? मी बॅटरीचा झोत फिरवत होतो तेव्हा हेच होत होतं. झोतासोबत सावल्या पळत होत्या आणि सगळं वावर हलल्यासारखं दिसत होतं.

म्हणून माउस थांबवा. स्क्रीन स्थिर ठेवा आणि फक्त डोळे फिरवा. समोरच्या भागाचे मनातल्या मनात तीन पट्टे करा: जवळचा 50 मीटरपर्यंत, मधला 200 पर्यंत, आणि त्यापलीकडचा. सुरुवात जवळच्या पट्ट्यापासून, कारण तिथला शत्रू तुम्हाला आधी मारेल. प्रत्येक पट्टा उजवीकडून डावीकडे वाचा. आपल्याला वाचायची सवय डावीकडून उजवीकडे आहे, त्यामुळे त्या दिशेनं डोळा ओळ वाचल्यासारखा भरभर पुढं जातो. उलट गेलं, की तो अडखळत, थांबत जातो आणि आपल्याला तेच हवं आहे.

एक-दोन सेकंद थांबायचं, पुढच्या ठिकाणी जायचं, पुन्हा थांबायचं. पट्टा संपला की माउस थोडा फिरवायचा आणि पुन्हा स्थिर. पहिल्या दिवशी हे फार सावकाश वाटतं. आठवडाभरात हात बसतो.

आर्मामध्ये ऑल्ट दाबून आणि बीजीएमआयमध्ये डोळ्याच्या बटणानं नुसती मान फिरवता येते, शरीर तसंच राहतं. आजूबाजूला बघताना तेच वापरा. तुमची बंदूक झुडपातून इकडून तिकडे फिरत राहिली, तर समोरच्यालाही हलणारी तूर मिळते.

कुठं बघायचं? डुक्कर वावराच्या मधोमध उगवत नाही. ते नाल्यातून येतं, धुऱ्याच्या कडेनं येतं, जिथं दोन वावरांची सांध असते तिथून आत घुसतं. माणूसही तसाच. रिकाम्या मैदानाच्या मधोमध नजर वाया घालवू नका. झाडाचा बुंधा जमिनीला टेकतो ती जागा, भिंतीचा कोपरा, खिडकीच्या आतला अंधार, टेकडीची कड, जळालेल्या गाडीचं चाक, झाडोरा जिथं संपतो ती किनार, या जागा आधी बघा.

काय बघायचं, हे तर त्याहून महत्त्वाचं. रानात सरळ रेष क्वचित असते. फांदी वाकडी, दगड वेडावाकडा, गवत झुकलेलं. त्यात एक सरळ, काळी, आडवी रेष दिसली, तर ती बंदुकीची नळी समजा. दुसरी खूण हेल्मेटची गोलाई आणि तिच्याखालचा खांद्याचा उतार. हा आकार झुडपात कितीही बुडाला तरी डोळा एकदा शिकला, की सोडत नाही. तिसरी खूण सावली. माणूस भिंतीआड लपतो, त्याची सावली भिंतीच्या बाहेर पडते. संध्याकाळच्या नकाशात तर सावली माणसाच्या तिप्पट लांब असते. म्हणून म्हटलं, सावल्या बंद करू नका.

आणि चौथी गोष्ट, जी मला सगळ्यात जास्त कामी आली: दुसरे कुठं बघताहेत ते बघा. ताडोब्यात गाइड वाघ शोधत नाही, तो वानराकडे बघतो. वानर झाडाच्या शेंड्यावर बसून एका दिशेला टक लावून खाकरलं, की जिप्सी तिकडं वळते. चितळ, सांबर कॉल देतात, आपल्या वावरात रात्री टिटवी ओरडते. गेममध्येही असे कॉल असतात. डेझी या झोंबींच्या गेममध्ये झोंबी उगीच भडकत नाहीत, ते धावत सुटले, की तिकडं माणूस आहे. शत्रूचा एक सैनिक दिसला, तर लगेच गोळी घालू नका. त्याची नळी कोणीकडे आहे आणि तो मागं वळून कोणाकडे बघतो, ते पाहा. त्याचे बाकीचे साथीदार तुम्हाला तोच दाखवून देतो.

स्कोपला डोळा चिकटवून बसायची सवय मोडा. स्कोप ओळखायला असतो, शोधायला नाही. उघड्या डोळ्यानं शोधा, काही खटकलं तर दुर्बीण लावा, खात्री करा, पुन्हा काढा.

तिसरी पायरी: कानानं बघणं

वावरात डुकरं पळवायला लोक सुतळी बॉम्ब लावतात. दूरच्या शिवारात आधी उजेड चमकतो, मग आवाज येतो. आवाज सेकंदाला साधारण 340 मीटर जातो. उजेडानंतर दोन सेकंदांनी धडाका ऐकू आला, तर तो 680 मीटरवर फुटला. आर्मामध्ये हे अगदी असंच चालतं. नळीचा जाळ दिसला की मनात मोजायला लागा.

पण गोळी तुमच्याकडे येत असेल, तर दोन आवाज येतात, आणि नवीन माणूस इथंच फसतो. रायफलची गोळी आवाजापेक्षा वेगवान असते. एके-47 ची गोळी नळीतून सेकंदाला सुमारे 715 मीटर वेगानं निघते. ती डोक्यावरून जाताना चाबूक ओढल्यासारखा "कडाक" होतो. तो गोळीचा आवाज आहे, बंदुकीचा नव्हे, आणि तो आपल्या अगदी बाजूला झाल्यासारखा वाटतो. घाबरून लोक त्या बाजूला वळतात आणि पाठ देऊन बसतात. त्यानंतर एक जड, दबलेला "धप्प" येतो. तो बंदुकीचा. शत्रू तिथं आहे. कडाक आणि धप्प यांच्यात अर्ध्या सेकंदाचं अंतर असेल, तर शत्रू साधारण 300 मीटरवर, पूर्ण सेकंद असेल, तर 600 च्या आसपास. सायलेन्सर लावला तरी कडाक जात नाही, धप्प मात्र जवळजवळ हरवतो. कडाक आला आणि मागून काहीच आलं नाही, तर आधी आडोसा घ्या, शोध नंतर.

चौथी पायरी: सांगायचं कसं

दिसलेला शत्रू साथीदाराला सांगता आला नाही, तर न दिसल्यासारखाच. आमच्या तुकडीत सुरुवातीला असं चालायचं: "अबे थो पाय, झाडामांगं!" चार जण चार वेगवेगळ्या झाडांकडे बघायचे.

आता आम्ही असं बोलतो: "दोनशे चाळीस. दोनशे मीटर. पडकी भिंत, डावा कोपरा. एक जण, पडून आहे, मशिनगन." आधी होकायंत्राचे अंश, मग अंतर, मग जवळची ठळक खूण, मग कोण आणि काय करतो. हा क्रम मोडू नका. अंश ऐकल्याबरोबर ऐकणारा वळायला लागतो, अंतर ऐकून नजर मागंपुढं करतो, आणि खूण येईपर्यंत त्याचे डोळे तिथं पोचलेले असतात.

एक अडचण लक्षात असू द्या. अंश तुमच्या जागेवरचे असतात. साथीदार तुमच्या बाजूला 100 मीटरवर असेल आणि शत्रू 200 मीटरवर, तर दोघांच्या अंशांत 26-27 चा फरक पडू शकतो. म्हणून पांगलेल्या तुकडीत खूण हीच खरी, अंश नुसते अंदाजाला.

अंतर काढायला स्कोपमधल्या मिल खुणा शिका. 1 मिल म्हणजे 1000 मीटरवर 1 मीटर. उभा माणूस 1.8 मीटरचा धरा, 1800 ला मिलनं भागा. तो 6 मिल उंच दिसला, तर 300 मीटर. रशियन पीएसओ-1 स्कोपमध्ये तर भागाकारही नको. डावीकडे खाली एक वक्र रेष असते, तिच्या आणि खालच्या आडव्या रेषेच्या मधे 1.7 मीटरचा माणूस पायापासून डोक्यापर्यंत बसवायचा. जिथं बसेल तिथला आकडा 4 असेल, तर 400 मीटर.

इन्सर्जन्सी सँडस्टॉर्म आणि डेझीमध्ये जवळपास बोललेलं शत्रूलाही ऐकू जातं. तिथं दबक्या आवाजावरही विसंबू नका. बोलूच नका.

पाचवी पायरी: लपणं

इथं जरा थांबून वाचा. लपणं म्हणजे झुडपात शिरणं, असं बहुतेकांना वाटतं.

दोन वेगळ्या गोष्टी आहेत: नजरेची आड आणि गोळीची आड. पऱ्हाटीचं रान, तुरीचं वावर, बांबूची बेटं, ताटवा या सगळ्या नजरेच्या आडी आहेत. गोळी त्यातून सरळ निघून जाते. मातीचा धुरा, विहिरीची दगडी कड, जाड बुंधा या गोळीच्या आडी. टिनाचं पत्र्याचं शेड फसवं असतं, दिसतं भिंतीसारखं आणि थांबवत काहीच नाही. आर्मामध्ये पातळ पत्रा, फळकुटं यांतून गोळी पार होते. म्हणून नजरेच्या आडीत असताना गोळी झाडली, की तिथून लगेच निघायचं. गोळीच्या आडीत असाल, तर एकदोन गोळ्यांपुरतं थांबता येतं, त्याहून जास्त नाही. गोळी झाडणं म्हणजे आपला पत्ता सगळ्या शिवाराला सांगणं.

आता गवताची गोष्ट, जी प्रत्येक नवीन खेळाडूला पहिल्या आठवड्यात मारते. तुम्ही गवतात पालथे पडलात. तुमच्या स्क्रीनवर चहूकडे गुडघाभर गवत आहे, तुम्हाला वाटतं आपण गायब झालो. पण गेम लांबचं गवत दाखवतच नाही, तेवढी ताकद कोणत्याच पीसीत नसते. 300 मीटरवरून बघणाऱ्याला तिथं सपाट पिवळी जमीन आणि त्यावर एक हिरवा डाग दिसतो. आर्मा 3 मध्ये टेरेनची सेटिंग खाली आणली, तर जवळचंही गवत जातं. त्यामुळे लांबच्या शत्रूपासून लपायला गवतावर विसंबू नका. जमिनीचा खळगा, धुऱ्याची मागची बाजू, दगड, झाड या गोष्टी कितीही लांबून तशाच राहतात. त्यांच्यामागं जा. गवत उपयोगी पडतं ते जवळच्या शत्रूसाठी, 50 मीटरच्या आत.

मागं काय आहे, ते बघा. बहुतेक लोक समोर काय आड आहे तेवढंच बघतात. तुम्ही दिसता की नाही, हे तुमच्या पाठीमागच्या रंगावर ठरतं. श्रावणात हिरवा गणवेश कुठंही मिसळतो, फाल्गुनात वाळलेल्या गवतात तोच हिरवा लांबून चमकतो. वाघ एवढा भडक केशरी, पण सुकलेल्या गवतात त्याचे काळे पट्टे त्याचा आकार तोडतात आणि तो दहा पावलांवर असून दिसत नाही. गिली सूट, म्हणजे गवत-पाल्यासारखा दिसणारा पोशाख, हेच करतो: माणसाचा आकार तोडतो. पण गिली सूट घालून धावणारा माणूस म्हणजे धावणारं झुडूप, आणि त्याच्याकडे सगळ्यात आधी लक्ष जातं.

टेकडीच्या माथ्यावर कधीही उभं राहू नका. मागं आकाश असलं, की माणूस कागदावर शाईचा डाग पडावा तसा दिसतो. माथ्याच्या थोडं खालून, उताराच्या अंगानं चाला. माथा ओलांडायचाच असेल, तर झाड किंवा दगड जिथं आहे तिथून, पालथं सरपटत. खिडकीतून बघायचं असेल, तर खिडकीला चिकटू नका. खोलीत दोन-तीन पावलं मागं, अंधारात उभं राहा. तुम्हाला बाहेरचं दिसतं, बाहेरच्याला आतला अंधार दिसतो.

आडीच्या वरून डोकं काढू नका, बाजूनं काढा. धुऱ्याच्या वर उगवलेलं डोकं आकाशावर उमटतं, बाजूनं झुकलेलं डोकं धुऱ्याच्या रंगात राहतं. बंदूक उजव्या खांद्यावर असते म्हणून उजव्या कडेनं झुकलात, तर अंग कमी उघडं पडतं. आर्मामध्ये कंट्रोल दाबून डब्ल्यू किंवा एस दाबलं, की उभं, बसलेलं आणि पडलेलं यांच्या मधल्या उंचीही मिळतात. धुरा जेवढा उंच, तेवढंच उठा, इंचभरही जास्त नको.

आणि जिथं खाली पडलात, तिथूनच वर येऊ नका. शत्रूची नळी तिथंच रोखलेली असते. चार-पाच मीटर सरपटत जा, मग बघा.

चालताना मी एक नियम पाळतो: पुढची आड ठरवल्याशिवाय उठायचं नाही. उठलो की एका दमात तिथपर्यंत, मग थांबायचं, दम खाली येऊ द्यायचा, मघाचे पट्टे पुन्हा वाचायचे, आणि मगच पुढची आड. मोकळं मैदान लांबून वळसा घालून टाळता येत असेल, तर वळसाच घ्या, दहा मिनिटं गेली तरी चालतील.

रात्रीचं थोडंसं

गॅमा (स्क्रीनचा उजळपणा) वाढवून रात्रीचा दिवस करणारे खूप आहेत. मला ते पटत नाही. ज्यांनी अंधार म्हणून नकाशा निवडला, त्यांचा खेळ त्यानं मोडतो. अंधारात बघायची खरी युक्ती मचाणावरून उतरल्यावर कळते: खाली बसा. जमिनीलगत डोळा आणला, की समोरचा रोही (नीलगाय) आकाशावर काळा उमटतो. गेममध्येही पडून वर बघितलं, तर उभा माणूस तसाच उमटतो.

बॅटरी लावू नका, ती तुम्हाला दाखवते दहा पावलं आणि तुम्हाला दाखवून देते सगळ्या शिवाराला. आर्मा 3 मध्ये इन्फ्रारेड लेझर उघड्या डोळ्याला दिसत नाही म्हणून लोक तो चालूच ठेवतात. नाइट व्हिजन लावलेल्या प्रत्येकाला मात्र ती रेष तुमच्या नळीपासून सुरू झालेली दिसते.

सराव

मेल्यावर लगेच पुन्हा जन्म घ्यायचं बटण दाबू नका. पाच सेकंद थांबा. गोळी कोणत्या बाजूनं आली, तिथं काय होतं, मी तिथं बघितलं होतं का, हे स्वतःला विचारा. मी वहीत लिहून ठेवायचो. महिन्याभरात लक्षात आलं, की निम्म्याहून जास्त वेळा मी डावीकडच्या झाडोऱ्याकडे बघतच नव्हतो.

दुसरा सराव दोघांचा. आर्मा 3 च्या ईडन एडिटरमध्ये (इथं आपला खेळ आपणच मांडता येतो) नकाशाचा एक तुकडा निवडा, शत्रू कोणीच ठेवू नका. एकानं 300 मीटरच्या आत लपायचं, दुसऱ्यानं एका जागेवर बसून शोधायचं. गोळी नाही. अंश, अंतर आणि खूण तिन्ही बरोबर सांगितली, तरच सापडला. पाच मिनिटांत नाही सापडला, तर लपणाऱ्यानं उठून दाखवायचं आणि शोधणाऱ्यानं तिथं चालत जाऊन पडून बघायचं, आपण त्याला कसे दिसत होतो. ही शेवटची गोष्ट गाळू नका, अर्धा सराव त्यातच आहे.

मागच्या आठवड्यात मावसभावासोबत हेच खेळत होतो. वेळ संध्याकाळची ठेवली होती. पाच मिनिटं झाली, तो सापडेना. मी आणखी पंधरा मिनिटं मागून घेतली, माउसवरून हात काढला आणि एका दगडी कुंपणाच्या सावलीवर नजर ठेवली. सावली हळूहळू सरकत होती. अठराव्या मिनिटाला तिच्या कडेला उन्हात एक छोटासा काळा कोपरा राहिला, जो सावलीसोबत सरकला नाही.

"एकशे दहा. दीडशे मीटर. कुंपणाचा पाया, तुझा बूट."

हेडफोनमधून त्याचा आवाज आला, "सापडलो बे. आता तू लप."